कानाचा डबा

उस्तादाच्या दुकानात मी शिकायला बसलो तेव्हा मला बल्बसुद्धा धड फिरवून बसवता येत नव्हता. आमचं गाव शिरूर कासारकडचं. दिवाळी झाली की आई-बाप कोयते बांधून ऊस तोडायला निघायचे, त्यांच्याबरोबर मी जायचो आणि माझी शाळा गावातच राहायची. परत यायचो तोवर बरोबरची पोरं पुढच्या वर्गात गेलेली असायची. असं दोन-तीनदा झाल्यावर मास्तर मला ओळखेनात आणि मी मास्तरांना. शेवटी आईची बहीण, माझी मावशी, एका हंगामाच्या तोंडाला आली, माझी पिशवी स्वतःच्या हातानं भरली आणि म्हणाली, "ह्याला कोयत्यावर नेऊ नगा, मी सांभाळते." आई रडली. बाप म्हणाला, "ने. पर आयतं खाऊ घालू नको." एवढ्या बोलण्यावर माझं अख्खं आयुष्य शिरूरहून अंबाजोगाईला आलं.

मावशी दवाखान्यात आया होती. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दोन पत्र्याच्या खोल्या आणि पुढं दगडी ओटा, एवढंच घर, पण घरात आवाज फार. पहाटे स्टोव्हला पंप मारायचा आवाज, मग त्याची भुर्रभुर्र, मग परातीत भाकरी थापायची थपथप, आणि ह्या सगळ्यावर मावशीचं तोंड. "खाताना बोलू नको, बोलताना खाऊ नको, आन् माझ्यासमोर दोन्ही करू नको," असं तिचं असायचं. थंडीत ती हुलग्याचे शेंगोळे करायची. लसूण-मिरची पाट्यावर वाटली की शेजारपाजारचे ठसकायचे. पातेल्याखालचा जाळ काढला तरी आतलं कालवण बराच वेळ गदगदत राहायचं, आणि आम्ही दोघं त्याच्याकडं बघत बसायचो. पुढं ते शेंगोळे माझ्या बायकोनं मावशीकडनं शिकून घेतले. बायको गेल्यापासून मी स्वतः करून बघतो. सून म्हणते, चांगले झालेत. सून भली आहे, खोटं बोलते. पीठ माझ्या हाताखाली वळतच नाही, तुटतं.

तर मावशीनं चार दिवस मला ओट्यावर बसलेलं बघितलं आणि पाचव्या दिवशी कानाला धरून बाजारात उस्तादाच्या दुकानात नेलं. तिचं म्हणणं, शिकत न्हाई तर न्हाई, हाताला तरी काहीतरी चिकटू दे. उस्ताद म्हणजे रेडिओ आणि लाऊडस्पीकर दुरुस्त करणारा म्हातारा. दाढी मेंदीनं लाल, चष्म्याची एक काडी तारेनं बांधलेली. दुकान एवढंसं, पण त्यात आठ-दहा रेडिओ पोट उघडे टाकून पडलेले, आणि त्यातले निम्मे एकाच वेळी बोलत असायचे. सोल्डरच्या राळेचा वास कपड्यांत असा बसायचा की मावशी माझे कपडे तिच्या कपड्यांबरोबर धुवायची नाही. उस्ताद आमच्याशी दखनीत बोलायचे. मी पहिल्या दिवशी एका अँप्लिफायरमध्ये डोकं घालून कुठं काय जळालंय ते बघायला लागलो तर त्यांनी मागनं टपली मारली. "कान से देख बे, आँखां से नको!"

ते त्यांचं शिकवणं. अँप्लिफायर म्हणजे काय, तर एका टोकाला बारीक आवाज घालायचा, तो आतल्या दोन-तीन मुक्कामांवर मोठा होत जातो आणि दुसऱ्या टोकाला स्पीकरमधून नाहीतर हेडफोनमधून बाहेर पडतो. बंद पडला तर बिघाड ह्यातल्या कुठल्या मुक्कामावर आहे हे शोधायचं. उस्तादाकडं एक मीटर होता, पण तो मोडलेल्या काट्याचा. ते बोटानं शोधायचे. हेडफोन डोक्याला लावायचे, डावा हात कमरेमागं ठेवायचा, आणि उजव्या हातात स्क्रू फिरवायचा पेचकस धरून त्याच्या लोखंडाला बोट टेकवून कानाच्या टोकाकडनं एकेका मुक्कामाला शिवत मागं जायचं. आपल्या अंगात विजेच्या तारांची बारीक भुणभुण शिरलेली असतेच, ती त्या बोटातनं डब्यात उतरते. पहिल्या मुक्कामाला माशीएवढी भुणभुण, दुसऱ्याला भुंग्याएवढी, तिसऱ्याला गिरणीएवढी. जिथं गिरणी यायला पाहिजे आणि येत नाही तिथं रोग. चरचर आली तर जोड कच्चा. डावा हात कमरेमागं का, तर दोन्ही हात डब्यात घातले आणि करंट लागला तर तो छातीतनं आरपार जातो. ती सवय मला अशी लागली की आजही कुणाच्या घरी दाराची बेल दाबताना माझा डावा हात मागं जातो. नातवंडं हसतात. त्यांच्या कानातल्या त्या पांढऱ्या गोळ्यांना तर तारच नाही. परवा नात म्हणाली, "आजोबा, ह्यातली एक वाजत नाही, बघा ना." मी ती चष्मा लावून, चष्मा काढून, उलटी-सुलटी करून बघितली. उघडायला फटच नाही. म्हटलं, बाई, हा रोग माझ्या दुकानातला नाही.

शाहीर आमच्याकडं आले तेव्हा थंडी पडायला लागली होती. धर्मापुरीचे शाहीर, धोंडिबा त्यांचं नाव, पण त्यांना बायकोसुद्धा शाहीरच म्हणायची म्हणे. ती वारली होती. बरोबर त्यांची पोरगी होती, पंचशीला. हीच पुढं माझी बायको झाली, पण त्या दिवशी तिनं माझ्याकडं ढुंकून बघितलं नाही, कारण तिच्या डोक्यावर पेटी होती. बाजाची पेटी फडक्यात बांधून ती धर्मापुरीवरनं एसटीत मांडीवर घेऊन आली होती. बापलेक जयंतीला, लग्नाकार्याला गाणी म्हणायचे, बाप डफ घेऊन आणि पोरगी पेटीवर. बापाला ऐकू येईनासं झालं होतं. साध्या बोलण्यापुरतं मोठ्यानं बोललं तर चालायचं, पण पेटीचा सूर डफाच्या आवाजात त्यांना सापडायचा नाही. गाणं एका सुरात सुरू व्हायचं आणि घसरत घसरत दुसऱ्याच गावाला जायचं. मग ही पोरगी काय करायची, तर बाप घसरला की पेटीवरचा हात त्याच्यामागं सरकवायची, म्हणजे लोकांना वाटावं की शाहीर बरोबर आहेत. मागच्या जयंतीला ते एवढे घसरले की तिच्या हाताखालच्या पट्ट्या संपल्या. पोरं फिदीफिदी हसली. त्यावर शाहिरांनी घरी येऊन डफ खुंटीला टांगला होता.

"येत्या जयंतीला येकदा बसणार," ते उस्तादाला ओरडून म्हणाले. बहिऱ्या माणसाला वाटतं समोरचाही बहिरा आहे. "सूर सापडला तर गाईन. न्हाई सापडला तर डफ इकडं तुमच्याच दुकानात आणून देतो, त्याचं चामडं कशाला लावायचं तर लावा. परत तोंड उघडायचं न्हाई."

पोरगी हळूच म्हणाली, "आसं म्हनतेत, पर गाणं बंद झालं तर हे जेवायचे न्हाईत ओ, उस्ताद."

उस्तादांनी विचार केला आणि एक गंमत बनवली. जुन्या बाजारात मिळालेला एक काळा जड हेडफोन, लोखंडी पट्टीचा. त्याला जोडायला दोन-तीन मुक्कामांचा छोटा अँप्लिफायर, पत्र्याच्या डब्यात बसवलेला. आणि एक बारीक माईक, तो पेटीच्या लाकडाला आतल्या बाजूनं चिकटवलेला. म्हणजे पेटी वाजली की तिचा सूर डफाला ओलांडून सरळ शाहिराच्या कानात. डबा विजेवर चालणारा. त्याचे जवळजवळ सगळे जोड मी दिले. उस्ताद नुसते चहा पीत "ये कच्चा, ये पक्का" म्हणत होते. शाहिरांनी दुकानातच हेडफोन लावला आणि पंचशीलानं पेटीवर एक बोट ठेवलं. म्हातारा दचकला. मग त्यांनी डोळे मिटले आणि तो सूर गळ्यातनं असा काढला की आमच्या दुकानातले बोलणारे रेडिओ मी जाऊन बंद केले. पोरीचा हात जागचा हलला नाही. उस्ताद म्हणाले, "बस, हो गया काम."

पण काम झालं नव्हतं. थंडीभर डबा धर्मापुरीला छान वाजला. उन्हं तापायला लागली आणि शिमग्याच्या सुमाराला शाहीर डबा फडक्यात बांधून परत आले. म्हणाले, "डब्यात घरघर हाय. आन् कानाला चावतंय." आम्ही डबा लावला, स्वच्छ वाजला. मी सगळ्या मुक्कामांना बोट लावून बघितलं, माशी, भुंगा, गिरणी, सगळे हजर. परत पाठवला. आठवड्यात पुन्हा डबा दारात. "इंचू चावल्यावानी झिणझिण होतंय बे," शाहीर ओरडले. उस्तादांनी एक कंडेन्सर बदलला, उगीच, मनाच्या समाधानाला. तिसऱ्यांदा डबा आला तेव्हा शाहीर आलेच नव्हते, पंचशीला एकटी आली आणि तिनं डबा टेबलावर आपटला.

"बाबानं फेकून दिला हेला. म्हनले, ह्याच्यापेक्षा बहिरा बरा."

मी डबा लावला. छान वाजला. मी म्हटलं, "बघा की, काय झालंय ह्याला?"

"तुमच्या दुकानात ह्याला काय होतंय? आमच्या घरी येऊन बघा," ती म्हणाली. "का मिस्तरी लोकांना दुकानाबाहेर ऐकू येत न्हाई?"

उस्तादांनी माझ्याकडं बघितलं, मग तिच्याकडं, मग मला पेचकस काढून दिला. "जा बे. अच्छा होईपर्यंत वापस आना नको." जयंती जवळ आली होती. मी मावशीला निरोप ठेवला आणि दुपारच्या एसटीनं तिच्या मागनं धर्मापुरीला गेलो. मागनं म्हणजे ती पुढच्या बाकावर, मी मागच्या. अख्ख्या वाटेत तिनं एकदा मागं वळून बघितलं ते डबा नीट धरलाय का एवढ्यासाठी.

त्यांचं घर आमच्या बौद्ध लोकांच्या वस्तीत, गावाच्या कडेला. मातीच्या भिंती, सारवलेली जमीन, आणि अंगणाच्या एका कोपऱ्यात मोरी. घरात विजेचा एकच दिवा. शाहीर दाराशी बसले होते. मला बघून म्हणाले, "आला का डाक्टर?" मी उजेडातच डबा लावून बघितला. घरघर अगदी बारीक, आहे म्हटलं तर आहे. मी हेडफोन शाहिरांना दिला. ते म्हणाले, "आता कुठं चावतंय? दिवा लावल्यावर चावतंय. दिवसा झोपतोय त्यो इंचू." मला हसू आलं. उस्ताद आणि मी मनात धरलंच होतं की म्हाताऱ्याला भास होतो. पण दिवेलागण झाली, पंचशीलानं दिवा लावला, आणि डब्यात खरोखरच गिरणी सुरू झाली. मी हेडफोन डोक्याला लावला. कानाच्या मागं लोखंडी पट्टी लागते तिथं मुंग्या आल्यासारखं झालं. मी उठून चपला घातल्या, मुंग्या गेल्या. चपला काढून सारवलेल्या जमिनीवर उभा राहिलो, मुंग्या परत आल्या. दिवाही मंद वाटत होता, आजारी माणसाच्या डोळ्यासारखा पिवळट.

डबा उघडला. बोट लावत गेलो. सगळं ठीक. मी अडलो, कारण डब्यात शोधण्यासारखं काही उरलंच नाही आणि उस्तादांनी मला डब्याच्या बाहेरचं काही शिकवलंच नव्हतं. पंचशीला म्हणाली, "पयलं जेवा. डबा कुठं पळून जातोय?" भाकरी, शेवग्याच्या शेंगांचं कालवण आणि कच्चा कांदा. शाहीर हट्टानं हेडफोन लावून पण चपला घालून बसले होते, म्हणाले, "मी राखण करतो." मी जेवलो. पाहुणा म्हणून तिनं मला हात धुवायला तांब्याभर पाणी दिलं. मी मोरीवर गेलो, हात धुतले, चूळ भरली, उरलेलं पाणी पायांवर ओतलं. आणि आतनं शाहीर ओरडले, "ए पोरा! काय केलंस रे? गेली की घरघर!"

मी पळत आत गेलो. दिवा उजळला होता. हेडफोन कानाला लावला, घरघर निम्म्यावर. मी म्हटलं, मी काहीच केलं नाही. आणि बघता बघता थोड्या वेळानं दिवा परत पिवळा पडला, गिरणी परत सुरू. मी तसाच बाहेर आलो, रांजणातनं तांब्या भरला आणि मोरीत ओतला. "आता?" "आता बरं हाय!" आतनं आवाज. मी दुसरा तांब्या भरायला वाकलो तर पंचशीलानं रांजणावर हातच ठेवला.

"ओ! पानी काय तुमच्या बापाच्या विहिरीतनं आलंय का? दोन कोस चालून आनते मी. कावून वतताव मोरीत?"

"थांबा, बघू द्या. डबा बरा होतोय."

"डबा पानी पितोय का?"

मी कंदील मागितला आणि मोरीकडं वाकून बघितलं. मोरीच्या कोपऱ्यात एक लोखंडी पहार जमिनीत ठोकलेली होती आणि तिच्यावरनं एक तार भिंतीत गेलेली. मग डोक्यात उजेड पडला. विजेला दोन तारा लागतात, एका तारेनं ती घरात येते आणि दुसरीनं परत जाते. पण त्या वस्तीत तेव्हा सगळ्यांकडं खांबावरनं एकच तार घेतलेली असायची. दुसरी तार कोण आणणार, म्हणून जमिनीत पहार ठोकायची आणि परतीची वीज जमिनीत सोडून द्यायची. पहार मुद्दाम मोरीत ठोकायची, कारण तिथली जमीन भांड्याच्या आणि आंघोळीच्या पाण्यानं बारा महिने ओली. ओली जमीन वीज गिळते. कोरडी गिळत नाही.

मी पंचशीलाला विचारलं, "भांडी कुठं घासता?"

"हितंच. पर उनाळ्यात राखेनं घासते आन् येका घमेल्यात इसळते. ते पानी मागं शेवग्याला घालते. आंघोळीचं बी तिकडंच. मोरीत थेंब पडू देत न्हाई मी," ती अभिमानानं म्हणाली.

ही सगळी गोम. शिमग्यापासून ती पाण्याचा थेंबन् थेंब शेवग्याला घालत होती. मोरी वाळून ठणठणीत झाली होती, पहारेभोवतीच्या मातीला भेगा. परतीच्या विजेला जमिनीत वाट मिळेना. आणि आम्ही शहाण्यांनी डब्याच्या पत्र्याला जी तार सुरक्षेसाठी म्हणून जोडली होती ती ह्या घरात त्याच पहारेच्या तारेला येऊन मिळत होती. म्हणजे अडलेली वीज डब्याच्या पत्र्यात यायची, तिथनं हेडफोनच्या लोखंडी पट्टीत, आणि तिथनं वाट काढायची शाहिराच्या कानातनं, त्यांच्या अंगातनं, अनवाणी पायातनं खाली. दिवा लावला की वीज जास्त, म्हणून विंचू संध्याकाळी जागा व्हायचा. म्हाताऱ्याला भास होत नव्हता. मोरी आणखी वाळली असती तर ती झिणझिण झिणझिणीवर राहिली नसती.

मी हे सगळं सांगितलं. शाहिरांना ओरडून, तिला हळू. तिनं कंदील मोरीकडं नेऊन त्या भेगा बघितल्या. मग म्हणाली, "म्हंजी बाबानं गावं म्हनून मी रोज मोरीत घागर वतायची व्हय?"

"न्हाई. दुसरी तार आणायची."

"मग शेवग्याला पानी घालू ना?"

"घाला की."

"मग हरकत न्हाई," ती म्हणाली, जणू माझंच काहीतरी तिच्या परवानगीवाचून अडलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी लाईनमनला गाठलं. तो कुरकुरला, चहा प्यायला, आणखी कुरकुरला आणि खांबावर चढून दुसरी तार सोडून गेला. मी तिथंच पहारेची तार तोडून टाकली. डबा लावला, दिवा लावला. घरघर गेली, दिवा पांढराशुभ्र. पण शाहीर हेडफोनला हात लावेनात. कोपऱ्यात बसून म्हणाले, "मला येकदा चावलंय. दुसऱ्यांदा मी स्वतःहून बिळात हात घालत नसतो." पंचशीला त्यांच्याकडं बघत होती. जयंती परवावर आली होती, पेटी उघडी पडली होती, डफ खुंटीला होता. डबा बरा झाला होता आणि काही उपयोग नव्हता.

मग मी उस्तादांनी कधीच करू दिलं नसतं ते केलं. पंचशीलाला म्हटलं, "येक तांब्या द्या. शेवटचा." तिनं ह्या खेपेला स्वतःच भरून दिला. मी तो जमिनीवर ओतला, त्या चिखलात अनवाणी उभा राहिलो, हेडफोन डोक्याला लावला आणि दोन्ही हातांनी डब्याचा पत्रा धरला. डावा हात कमरेमागं ठेवला नाही. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू. काही झालं नाही. शाहीर माझ्या तोंडाकडं बघत होते, मी डोळा मिचकावतो का, ओठ चावतो का. मी म्हटलं, "शाहीर, मी हितं असाच जेवनापर्यंत हुबा राहतो. बघा, काय होतंय का." ते उठले. माझ्या डोक्यावरचा हेडफोन काढून स्वतःच्या डोक्यावर घातला, आणि त्याच चिखलात माझ्या शेजारी उभे राहिले. "वाजव गं," म्हणाले.

जयंतीला वस्तीतल्या विहारापुढं मांडव घातला होता. बायका पांढऱ्या साड्या नेसून आल्या होत्या, मोठ्या कढईत खीर शिजत होती, पंचशील म्हणून झालं आणि सूर्य कलताना गाण्याला सुरुवात झाली. मी उस्तादांना निरोप पाठवून थांबून घेतलं होतं, डब्याला काही झालं तर असावं म्हणून. निदान निरोपात तरी तसं होतं. डब्याची वायर मी शाहिरांच्याच घरातनं मांडवापर्यंत ओढून आणली होती. शाहीर डोक्याला तो काळा हेडफोन लावून बसले तर पुढं बसलेल्या टारगट पोरांतला एक म्हणाला, "शाहीर, इमान चालवताव का?" शाहिरांना ते ऐकू गेलं. माईकनं ऐकवलं. ते म्हणाले, "हौ, बस पाठीमागं, तुलाबी नेतो. पर वकायचं न्हाई." लोक हसले, पण आता शाहिरांच्या बाजूनं हसले. मग डफावर थाप पडली आणि ते गायले. मी त्यांच्याकडं बघतच नव्हतो. मी पंचशीलाच्या हाताकडं बघत होतो. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, म्हातारा वर चढला, खाली आला, आणि तिचा हात त्याच्यामागं एकदाही सरकला नाही. सरकायची गरजच पडली नाही. तिच्या डोळ्यातनं पाणी गालावरनं हनुवटीला आलं होतं आणि ते पुसायला तिचा एकही हात मोकळा नव्हता, एक पट्ट्यांवर आणि एक भात्यावर.

दोन गाणी झाल्यावर डफ शेकायला घेतला. डफाचं चामडं सैल पडतं, ते निखाऱ्यावर धरून तापवावं लागतं, तोवर सगळे गप्पा मारतात. पंचशीलाच्या मागं बसून साथ धरणारी तिची मैत्रीण तिच्या कानाशी वाकली आणि काहीतरी कुजबुजली, ही तिला काहीतरी बोलली. पेटीतल्या माईकचं दोघींच्याही ध्यानात नव्हतं. शाहिरांच्या डोक्यावर हेडफोन होता. ते एकदम मान वळवून पोरीकडं बघायला लागले, मग हसायला लागले, मग निखाऱ्यापाशी उभ्या असलेल्या मला अख्ख्या मांडवासमोर हाक मारली.

"ए मिस्तरी! ऐकलंस का? ती इचारती, मिस्तरी परत कवा येनार. तर आमची म्हनती, डबा बिघडला की. आन् बिघडंना तर मी बिघडवीन!"

मांडव नुसता उसळला. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मला जमीन फाटावी असं झालं. मैत्रीण पेटीमागं लपली. पंचशीला मात्र लपली नाही. तिनं आधी माझ्याकडं बघितलं, सरळ, मांडवासमोर. मग ती म्हणाली, "ऐकलंच हाय तर फुडलं बी ऐका, बाबा," आणि पेटीवर वाकून, लाकडाला जवळजवळ ओठ टेकवून, त्या माईकमध्ये हळूच काहीतरी बोलली. दोन-चार वाक्यं असतील. मांडवातल्या एकाही माणसाला ते ऐकू गेलं नाही. शेजारच्या मैत्रिणीलासुद्धा नाही. शाहिरांचं हसणं थांबलं. त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबून धरला, जणू आवाज सांडून जाईल. ती बोलायची थांबल्यावरही तसेच बसून राहिले. मग मान डोलावली, तापलेला डफ मागून घेतला आणि असं गाणं म्हटलं की खिरीच्या कढईपाशी डाव घेऊन उभी असलेली बाई हलवायची थांबली आणि खीर खाली लागली.

निघताना शाहीर मला एवढंच म्हणाले, "मावशीला घिऊन ये." मावशी आली, तिनं पोरगी बघितली, मोरी बघितली, शेवगा बघितला आणि मला म्हणाली, "तुझ्यापेक्षा ही हुशार हाय, लवकर हो म्हन."

ती काय बोलली ते मी लग्नानंतर शाहिरांना विचारलं. ते म्हणाले, "ते माझ्या कानात बोलली, तुझ्या न्हाई." तिला विचारलं तर म्हणायची, "डबा कुणाच्या कानाला व्हता? त्येंला इचारा." पुढं अनेक वर्षं भांडण झालं की मी तेच काढायचो, आणि भांडण तिथंच मोडायचं, कारण ती हसायला लागायची. शाहीर गाता गाता थकले आणि गेले, सांगितलं नाही. गेल्या वर्षी ती अंबाजोगाईला दवाखान्यात होती. मी कॉटशेजारी स्टुलावर बसून असायचो. एका दुपारी तिला जरा बरं वाटत होतं तेव्हा मी म्हटलं, आता तरी सांग. नाकात नळी होती तरी ती हसली. म्हणाली, "न्हाई. जा, भाकर खाऊन या पयलं." मी जाऊन खाऊन आलो. परत विचारलं नाही, आणि तीही फार दिवस राहिली नाही.

आता सांगणारं कुणी उरलं नाही. लोकांना वाटतं मला त्याची रुखरुख असेल. ती गेली ह्याची आहे, घर खायला उठतं, हे मी कुणापासून लपवत नाही. पण त्या बोलण्याची नाही. ते बापलेकीचं होतं, त्यांच्यातच राहिलं. माझ्या वाट्याला त्याच्या पुढचं सगळं आलं.